रुचेनित्सा आणि ओबेरेक जॅझ-रॉक बँडवर बसवायचे आहेत: ठेका, कॉर्ड आणि मोकळा आवाज कसा सांभाळावा?

सप्तमात्रा (प्रश्न):
पाच जणांचा बँड आहे: इलेक्ट्रिक गिटार, बास, ड्रम्स, आल्टो सॅक्सोफोन आणि गायिका. स्लाव्ह लोकसंगीतातल्या दोन चाली जॅझ-रॉक अंगाने बसवायच्या आहेत. पहिली बल्गेरियातल्या थ्रेस भागातली रुचेनित्सा नावाच्या नाचाची चाल: ७/८, विभागणी २+२+३, आधारस्वर डी, चालीत ई फ्लॅट आणि एफ शार्प. दुसरी मध्य पोलंडमधला तीन मात्रांचा नाच, ओबेरेक.

अडचणी अशा:
१. रुचेनित्सा ठरलेल्या लयीत वाजते, पण नाच दिसत नाही. सात ठोके मोजल्यासारखे ऐकू येतात.
२. डी मेजर आणि ए७ लावले की चाल गोड-गुळगुळीत होते. नुसता डी धरून ठेवला तर गिटार आणि सॅक्सला काम उरत नाही.
३. गायिका मोकळ्या, छातीच्या आवाजात गाते. डिस्टॉर्शन सुरू झालं की तिचे शब्द बुडतात. रुचेनित्सामध्ये तिच्या जोडीला दुसरा आवाज सेकंदाच्या, म्हणजे लगतच्या स्वराच्या, अंतराने ठेवावा असाही विचार आहे.
४. ओबेरेक दर वेळी वॉल्ट्झच होतो.

नुसतं "हे ऐका, ते ऐका" यापेक्षा नेमकं काय बदलावं ते हवं आहे.

---

तकिट:
ठेक्याचं सांगतो.

सात मोजणं आधी बंद करा. रुचेनित्सामध्ये तीन ठोके असतात: आखूड, आखूड, लांब. "तक तक तकिट" असं तोंडाने म्हणा आणि टाळी फक्त प्रत्येक गटाच्या सुरुवातीला द्या, म्हणजे १, ३ आणि ५ वर. सगळ्यांनी वाद्यं खाली ठेवून पायाने तीन पावलं टाकत हे करायचं. ते अंगात बसेपर्यंत वाद्यं उचलू नका.

मेट्रोनोममध्ये इथेच गडबड होते. रेकॉर्डिंगची बहुतेक सॉफ्टवेअर्स लय क्वार्टर नोटमध्ये मोजतात. २१० ठेवलंत तर एटथ नोट ४२० च्या गतीने पळते आणि एक आवर्तन बरोब्बर एका सेकंदात संपतं. नाचाच्या रुचेनित्साला ही गती साजेशी आहे. सराव १२० पासून सुरू करून दहा-दहाने वर न्या. क्लिक सातही मात्रांवर ठेवू नका, फक्त १, ३, ५ वर ठेवा. सातही ऐकू आल्या की ड्रमर त्या सातही वाजवायला जातो.

ड्रम्सची मांडणी:
रॉक अंगाने: किक १ वर, स्नेअर ५ वर, हाय-हॅट १, ३, ५ वर. आवर्तन ४+३ असं लंगडतं, पण किक आणि स्नेअरची ओळखीची जोडी शाबूत राहते. दर दुसऱ्या आवर्तनात ३ वर जादा किक द्या, नाहीतर चार आवर्तनांतच कंटाळवाणं होतं.
जॅझ अंगाने: राईड १, ३, ५, ७ वर, पायाचा हाय-हॅट ३ वर, किक जवळजवळ नाहीच. दोन मात्रांच्या गटाच्या आत स्विंग करायचा नाही. या गतीत त्याला जागाच नसते, आणि झोका आधीच गटांच्या असमान लांबीतून येतो.

पारंपरिक आधार हवा असेल तर तपान ऐका. तो दोन तोंडांचा ढोल. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक छडी. जाड टिपरू १ आणि ५ वर पडतं, छडी मधल्या जागा भरते. वर दिलेली किक-स्नेअर त्याच हाडांवर उभी आहे.

बासने वॉकिंग करायचं असेल तर आवर्तनाला तीनच स्वर: १, ३, ५ वर. शेवटचा स्वर लांब. त्यापेक्षा जास्त घातले की लांब ठोका हरवतो.

गिटारच्या उजव्या हाताकडेही बघा. खाली-वर-खाली-वर असं सरळ चालू ठेवलं तर सात ही विषम संख्या असल्यामुळे पुढचं आवर्तन वरच्या फटक्यावर सुरू होतं आणि जोर दर आवर्तनाला उलटतो. प्रत्येक गट खालच्या फटक्यानेच सुरू करा: ↓↑ ↓↑ ↓↑↓, आणि पुन्हा ↓. आवर्तनाच्या सांध्यावर दोन खालचे फटके सलग येतात. ते विचित्र वाटलं तरी तसंच ठेवा.

रेकॉर्ड केलेली तालवाद्यं ग्रिडला चिकटवू नका. कसलेले वादक तीनचा गट बरोबर दीडपट ठेवत नाहीत, किंचित ताणतात किंवा आखडतात. तो फरक पुसला की मशीन उरतं.

---

खर्जातली तार:
तकिट यांच्या उत्तराला एक जोड. पुढे कधी लेस्नोतो हा मॅसेडोनियन नाच घेतलात तर विभागणी ३+२+२ असते, आणि तबला येणाऱ्या कुणालाही तिथे लगेच रूपक सुचतो. तो ठेका जसाच्या तसा लावू नका. रूपकात पहिल्या तीन मात्रांना डग्गा गप्प असतो आणि घुमारा ४ व ६ वर येतो. लेस्नोतोचा सगळा भार पहिल्या लांब गटावर असतो. रूपक वाजवला की नाचणाऱ्याचं वजन चुकीच्या पायावर पडतं.

आता कॉर्ड. तुमची चाल हिजाझ अंगाची आहे. पूर्ण सप्तक धरलं तर डी, ई फ्लॅट, एफ शार्प, जी, ए, बी फ्लॅट, सी. आपल्याकडचा बसंतमुखारी: खाली भैरव, वर भैरवी. ए७ का बिघडवतो ते यावरून दिसेल. ए७ मध्ये सी शार्प आणि साधा ई आहे, चालीत सी आणि ई फ्लॅट. म्हणजे एका कॉर्डमध्ये दोन परके स्वर, आणि तेही नेमके समाप्तीच्या जागी.

या सप्तकातून निघणाऱ्या चालण्याजोग्या कॉर्ड: डी मेजर, ई फ्लॅट मेजर, जी मायनर, सी मायनर. मुक्काम ई फ्लॅटवरून डीवर, किंवा सी मायनरवरून डीवर. एवढ्यावर पूर्ण चाल उभी राहते.

दोन सापळे.
पहिला: जॅझवाल्याच्या कानाला हा डी मेजर म्हणजे जी मायनरकडे नेणारी डॉमिनंट कॉर्ड वाटते, आणि बोटं आपोआप जी मायनरवर जाऊन थांबतात. घर डी आहे. शेवटचे दोन आवर्तन बासला डीवरून हलू देऊ नका.
दुसरा: रंग भरण्याची सवय. डी९ मध्ये साधा ई येतो, डी६ मध्ये साधा बी. दोन्ही नकोत. रंग हवाच असेल तर डी७ फ्लॅट ९.

डिस्टॉर्शनवर पॉवर कॉर्ड: डी५, ई फ्लॅट ५, जी५, सी५ सगळ्या चालतात. ए५ चालत नाही, कारण तिच्यात साधा ई आहे. गिटारवादक तीच आधी धरतो, कारण ती हाताशी असते.

चालीत बी किंवा बी फ्लॅट येतोच का, तेही तपासा. पुष्कळ चाली पाच स्वरांतच फिरतात. तसं असेल तर सहावा स्वर बँड ठरवतो. मग गिटार, बास आणि सॅक्स यांनी आधी एकमत करायला हवं, नाहीतर एकजण बी धरतो आणि दुसरा बी फ्लॅट.

माझं मत: गाण्याचं कडवं चालू असताना कॉर्ड बदलूच नका. खाली डी आणि ए, बस्स. गिटारच्या वरच्या चार तारा म्हणजे डी, जी, बी, ई. आजच्या बल्गेरियन तांबुरा या तंतुवाद्याचं जुळवणंही तेच आहे. मोकळी डी तार वाजती ठेवून चाल वरच्या तारांवर काढली की गिटारला भरपूर काम मिळतं.

---

निळा सूर:
"कॉर्ड बदलूच नका" हे मला मान्य नाही. त्या नियमाने अर्ध्या शतकाचं काम बाद होईल.

दुश्को गोयकोविच यांचा "स्विंगिंग मॅसेडोनिया" १९६६ चा, झ्बिग्नेव्ह नामिसुओव्स्की यांचा "कुयाव्याक गोज फंकी" १९७५ चा. दोघांनी लोकचालीचा कणा उचलला आणि जॅझची हार्मनी सांभाळली. बल्गेरियाचे पियानोवादक मिल्चो लेव्हिएव्ह १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला डॉन एलिस यांच्या वाद्यवृंदात होते. त्या वाद्यवृंदाने "बल्गेरियन बल्ज" ३३/१६ मध्ये वाजवलं, तेही पूर्ण ब्रास लावून. जगाला ठाऊक असलेला बल्गेरियन स्त्री-गायकवृंदाचा नादसुद्धा गावातून जसाच्या तसा आलेला नाही. फिलिप कुतेव्ह यांनी १९५१ मध्ये सरकारी वृंद उभारला आणि एकसुरी चालींना अनेक आवाजांची मांडणी दिली.

(यातून निघणारी व्यवहाराची गोष्ट: चाल पारंपरिक असली तरी कुतेव्ह किंवा इतरांची मांडणी ही त्यांची रचना असते. चाल गावातल्या मूळ ध्वनिमुद्रणावरून घ्या, वृंदाच्या रेकॉर्डवरून आवाज उतरवून घेऊ नका.)

मधला मार्ग असा. बास डीवर ठाम, वरच्या कॉर्ड फिरत्या:
डी | ई फ्लॅट मेजर ७, खाली डी | सी मायनर ९, खाली डी | डी
ई फ्लॅट मेजर ७ मध्ये डी आहेच, सी मायनर ९ मध्येही आहे. त्यामुळे खर्ज टोचत नाही. ई फ्लॅटवर ए चा रंग द्या, म्हणजे शार्प ११. तोही सप्तकातलाच आहे. गिटारने प्रत्येक कॉर्डचे तीनच स्वर घ्यावेत, ५ व्या मात्रेवर वाजवावेत आणि सोडून द्यावेत. कॉर्ड १ वर आली तर गायिकेच्या शब्दावर आदळते, लांब ठोक्यावर आली तर नाचाला ढकलते.

सोलोसाठी: १६ आवर्तनं नुसत्या खर्जावर, शेवटच्या चारमध्ये सी मायनर, सी मायनर, ई फ्लॅट, डी. ही सगळ्यांना परतीची खूण.

आल्टोवर तुमचा डी म्हणजे बी. बोटं बसायला अवघड नाही. अवघड आहे ती जीभ. गायदा म्हणजे बल्गेरियन बॅगपाइप. त्याच्या पिशवीतून हवा अखंड येते, ती जिभेने तोडता येत नाही, म्हणून एकच स्वर दोनदा घ्यायचा तर मध्ये वरचा निसटता कणस्वर घालतात. सॅक्सवर प्रत्येक स्वराला जीभ लावली की बिबॉप ऐकू येतं. वाक्याच्या सुरुवातीला एकदा जीभ, पुढे सगळं बोटांच्या कणस्वरांनी. यासाठी इव्हो पापाझोव्ह यांचा "ऑर्फियस असेंडिंग" (१९८९) ऐकाच. क्लॅरिनेट, सॅक्सोफोन आणि अकॉर्डियन एकाच ओळीवर पळतात, आणि कॉर्डची हालचाल त्यांच्या आड येत नाही. पापाझोव्ह यांच्यासारख्या बल्गेरियातल्या लग्नवाद्यवृंदांत रोमा आणि तुर्की वादकांचा वाटा फार मोठा होता, आणि क्रोमॅटिक धावत्या ताना त्यांच्याच हातच्या.

---

सप्तमात्रा:
फार कामाचं. डीवर बास धरून वरच्या कॉर्ड फिरवायची मांडणी करतो. एका कार्यक्रमाला पाहुणा गायदावादक येणार आहे. त्यासाठी काय बदलावं? आणि आवाजाचा प्रश्न अजून बाकी आहे.

---

ध्वनिखोली:
गायदा आधी, कारण तो आला की बाकीच्यांना जुळवून घ्यावं लागतं.

सुरुवातीला विचारून घ्या की त्याचा गायदा कोणत्या स्वरात आहे. थ्रेसचा उंच आवाजाचा जुरा गायदा बहुधा डीमध्ये असतो. रोडोपी डोंगरांतला काबा गायदा बराच खाली असतो, तो आला तर गाण्याची पट्टीच बदलेल. दुसरं, गायदा ४४० हर्ट्झच्या नेहमीच्या जुळवणीला नेमका बसेलच असं नाही. गिटार आणि बास त्याच्याकडे सरकवा. त्याची पत्ती उष्णता आणि दमट हवेने हलते, म्हणून निदान दहा मिनिटं वाजवून गरम झाल्याशिवाय ट्यूनर समोर धरू नका. एखादाच स्वर चढा असेल तर त्या भोकाच्या वरच्या काठाला थोडं मेण लावतात, तो उतरतो.

त्याचा ड्रोन, म्हणजे खाली अखंड वाजणारा स्वर, थांबत नाही. निळा सूर यांची डी-खर्जाची मांडणी त्यामुळेच इथे जमेल. जी मायनरकडे जाणारा एखादा स्वतंत्र भाग केला असेल तर तिथे ड्रोनला बूच लावायला सांगा किंवा गायदाला तो भाग सुट्टी द्या. मंचावर तो गायिकेच्या माइकपासून लांब, शक्यतो ड्रम्सच्या बाजूला ठेवा. लहान सभागृहात त्याला माइक लागतच नाही.

आता गायिका. मोकळ्या आवाजाचा धारदारपणा २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये असतो, आणि डिस्टॉर्शनही तिथेच बसतं. आवाज वाढवून हे सुटत नाही. गिटारमधून ३ किलोहर्ट्झच्या आसपास ३ डेसिबल काढा, गिटारचा गेन कमी करा आणि गायिकेच्या आवाजाला हात लावू नका. तिच्या आवाजातलं १२० हर्ट्झखालचं तेवढं कापलं तर चालेल. कॉम्प्रेशन ३:१, अटॅक सावकाश. झटपट अटॅकने शब्दाची पहिली ठिणगी दाबली जाते, आणि या गायकीत सगळी ताकद तिथेच असते. माइकपासून अंतर ३० ते ४० सेंटिमीटर. जवळ आली की आवाज जाडसर होतो. रिव्हर्ब आखूड ठेवा. लांब शेपटीमुळे ७/८ चे गट एकमेकांत मिसळतात.

पट्टी: डीवरची चाल मधल्या सीच्या वरच्या डीपासून ए किंवा बी फ्लॅटपर्यंत जाते. बहुतेक स्त्रियांना हे छातीच्या आवाजात झेपतं. वरच्या सीच्या पलीकडे जात असेल तर गायदा नसलेल्या कार्यक्रमांत पट्टी एक स्वर उतरवा. घसा ओरबाडून गाणं म्हणजे हा आवाज नव्हे. तो बोलण्याच्या जागेवरून पुढे फेकलेला असतो.

सेकंदाच्या अंतराचा दुसरा आवाज: तो शोप प्रदेशातला, सोफियाच्या आसपासचा, आणि पिरिनकडचा. थ्रेसची गायकी एकसुरी आणि अलंकारांनी भरलेली. दोन्ही एका गाण्यात आणायला बंदी नाही, पण दुसरा आवाज अलंकारांच्या मागे धावू लागला तर दोन्ही मरतात. त्याने डी धरून ठेवावा, गायिकेने ई फ्लॅटवर येऊन घासावं, सरळ आणि कंपाशिवाय. दोघींना एकच माइक द्या, ६० सेंटिमीटरवर. ती घासण्याची थरथर हवेत तयार व्हायला हवी. वेगळे माइक आणि ऑटोट्यून लावले की ती जाते. आणि हे अंतर ऐकून कुणी "बेसूर झालं" म्हणून दुरुस्त करायला निघाला तर त्याला थांबवा.

तपान आणलात तर किकशी भांडण होईल. खालचा आवाज दोघांपैकी एकालाच द्या. तपानच्या दोन्ही तोंडांना माइक लावाल तेव्हा एकाची पोलॅरिटी उलटवा, नाहीतर तळ पोकळ होतो.

---

मझोव्हियाचा ठोका:
ओबेरेक राहिला.

वॉल्ट्झ होतो कारण ड्रमर १ वर किक आणि २, ३ वर स्नेअर देतो. ओबेरेक ज्यातला आहे त्या पोलिश नाचांच्या मझुरेक घराण्यात जोर दुसऱ्या किंवा तिसऱ्या मात्रेवर सरकत राहतो, आणि आवर्तनाच्या सुरुवातीला छोटे स्वर, मागे लांब असतात. जॅझ वॉल्ट्झचा स्विंग याच्या उलट, लांब मग छोटा. म्हणून ३/८ ला स्विंग लावला की पोलंड लगेच निघून जातं.

करा असं: दोन आवर्तनं जोडून सहा मात्रा धरा. किक फक्त पहिलीवर. फ्लोअर टॉमचा जोर पहिल्या फेरीत ३ वर, पुढच्या फेरीत ६ वर. स्नेअरच्या जाळीचा ताण काढून टाका, त्याऐवजी झांजा लावलेला हातडफ द्या. गावच्या कपेलात, म्हणजे वादकांच्या लहान ताफ्यात, तालासाठी तोच असायचा, जोडीला बासी नावाचं चेलोसारखं जाडं तंतुवाद्य. ते एक-दोन स्वरच घासत राहतं. तुमच्या बासने तेच करावं: मोकळी तार, शक्य असेल तर धनुकलीने.

लय एका आवर्तनाला एक ठोका अशी मोजा, मिनिटाला ६० ते ७०. त्याच घराण्यातला कुयाव्याक याहून बराच संथ असतो.

सगळ्यांत महत्त्वाचं: खालचा ठोका घट्ट, वरची चाल सैल. गावातला फिडलवादक ठोक्याच्या मागेपुढे सरकत वाजवतो आणि वाक्याच्या शेवटी येऊन मिळतो. ते काम तुमच्या सॅक्सचं. सगळे एकत्र सैल झाले तर नुसता गोंधळ होतो, सगळे घट्ट झाले तर शाळेचा व्यायाम. १९९७ मध्ये सुरू झालेला कापेला झे व्ह्सी वार्शावा हा वॉर्साचा बँड याच तत्त्वावर चालतो: फिडल, काड्यांनी वाजवायची सिंबाली, नखाने तार दाबून वाजवायची सुका ही जुनी फिडल आणि ओरडून फेकलेला आवाज. इलेक्ट्रिक गिटारशिवायही त्यांचा रॉक पुरता अंगावर येतो.

गायिकेच्या जागेसाठी कीव्हच्या दाखाब्राखाकडे बघा. २००४ मध्ये दाख नाट्यकेंद्रातून निघालेला हा गट आहे. युक्रेनी सामूहिक गाण्याची रीत त्यांनी सोडलेली नाही. एक आवाज ओळ उचलतो, मग बाकीचे येऊन मिळतात, आणि ओळीचा शेवट एका स्वरावर जुळतो. चेलो बासचं काम करतो. तुमच्या दोन्ही गाण्यांत कडव्याची पहिली ओळ गायिकेला एकटीला द्या, बँड दुसऱ्या ओळीवर आणा. डिस्टॉर्शन तिथपर्यंत आलेलंच नसतं, आणि तुमची तिसरी अडचण निम्मी तिथेच सुटते.

जाता जाता: पोलंडच्या दक्षिणेकडच्या पोधाले डोंगरांतल्या चाली तुमच्या सॅक्सला फार मानवतील. तीव्र मध्यम आणि कोमल निषाद एकत्र, म्हणजे जॅझवाल्यांचा लिडियन डॉमिनंटच. तिथे मेजर कॉर्ड आणि ७ बिनधास्त लावता येतात. पण तो ठेका दोनाचा आहे, त्याला ओबेरेकचा डफ लावू नका.

---

तकिट:
शेवटच्या आवर्तनाबद्दल एक राहिलं. रुचेनित्सा ५ वर संपवा, १ वर नको. १ वर संपवायला गेलं की सगळे सवयीने एक जादा आवर्तन धरतात आणि किक एकटीच पडते. "तक तक तॅ", आणि तिथेच सगळ्यांनी तारा दाबायच्या. गायदा असेल तर पिशवीवरचा हात ३ वरच सैल करायला सांगा, म्हणजे ड्रोन ५ ला सुटेल.